मोबाईलमधले फोटो: एक प्रत घरच्या कणगीत हवी

पूर्वी शेतकऱ्याच्या घरात पत्र्याची एक पेटी असे. सातबाऱ्याचे उतारे, खरेदीखत, सोसायटीच्या पावत्या, लग्नातले दोन-चार फोटो आणि थोरल्या आबांचा एकुलता एक फोटो, सारे त्या पेटीत. घराला आग लागो की गावात पाणी शिरो, घरधनी बाहेर पडताना आधी ती पेटी उचली. आज ती पेटी मोबाईलच्या रूपाने खिशात आली आहे. पेटीत काय आहे आणि पेटी कोठे आहे, हे पूर्वी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. मोबाईलमधले फोटो नेमके कोठे साठले आहेत, असे विचारले तर मात्र बरेच जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आणि हे फोटो काही हौसेचेच असतात असे नाही. डाळिंबावर तेलकट डाग पहिल्यांदा कधी दिसला, ठिबकचा संच जोडला तेव्हा पाईप कसे टाकले, विहिरीला कितव्या फुटावर पाणी लागले, शेजाऱ्याने बांध कोरण्याआधी बांध कसा होता, बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर काय होता, याचे दाखले आज फोटोतच आहेत. बियाणे उगवले नाही तर तक्रारीसाठी पावती, पिशवी आणि टॅग जपून ठेवा असे आम्ही दर खरिपाला सांगतो. पिशवी उंदीर खातात, पावतीवरची शाई उडते. फोटो तेवढा राहतो. पण तो जपला तर.

"स्टोरेज फुल" असे मोबाईलवर आले की गडबड सुरू होते. कोणी दिसेल ते पुसतो, कोणी दुकानदाराच्या हातात फोन देऊन मोकळा होतो. माढ्याकडच्या एका मावशींनी शेतीशाळा संपल्यावर विचारलेला प्रश्न मोठा नेमका होता. "साहेब, पोरगा म्हनतो फोटो ढगात हायेत. मग ते खाली कसं आणायचं? आमच्या घरी कॉम्प्युटर न्हाई." त्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे: संगणकाची गरज नाही. मोबाईल, एक पेनड्राइव्ह आणि थोडा सवडीचा वेळ एवढ्यावर हे काम घरबसल्या होते. त्याची रीत या लेखात सांगितली आहे.

ढग म्हणजे दुसऱ्याची वखार

फोटो "क्लाउडवर" आहेत म्हणजे ते दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकात साठवलेले आहेत. वखारीत माल ठेवल्यासारखेच हे. माल आपला, जागा दुसऱ्याची आणि नियमही त्याचेच. वखारीची पावती हरवली की माल सोडवताना जी दमछाक होते, तीच येथे पासवर्ड विसरल्यावर होते.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये "गूगल फोटोज" हे ॲप असते. ही सेवा २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत, अशी सवलत होती. १ जून २०२१ पासून ती बंद झाली. तेव्हापासून टाकलेले फोटो १५ जीबीच्या फुकट जागेत मोजले जातात. ही १५ जीबी जागाही एकट्या फोटोंची नाही. जीमेलमधील पत्रे, ड्राइव्हमधील कागद आणि फोटो या तिघांत मिळून ती आहे. २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जाऊ लागला. म्हणूनच "मी तर फोटो फारसे काढत नाही, तरी जागा कशी भरली" असे अनेकांना वाटते. गटागटांतून येणारे सुप्रभात आणि व्हिडिओ आपल्याच कोठाराची जागा खात असतात.

जागा भरली की दोन गोष्टी घडतात. नवे फोटो वर चढायचे थांबतात आणि त्या पत्त्यावर ई-मेल येणेही बंद होते. बँकेचे किंवा एखाद्या अर्जाचे पत्र त्यामुळे अडकू शकते. मर्यादेपेक्षा जास्त भरलेले खाते दोन वर्षे तसेच राहिले तर त्यातील सामान काढून टाकण्याचा अधिकार कंपनीने नियमांत राखून ठेवला आहे. दोन वर्षे कोणी उघडलेच नाही असे खाते बंद करून त्यातले सर्व काढून टाकण्याचा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. घरातील कर्ता माणूस गेला, त्याचा फोन कपाटात पडला आणि दोन वर्षे कोणी त्याचे खाते उघडले नाही, तर काय होईल याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्लाउडवर चढलेला फोटो मोबाईलवरील त्याच ॲपमधून पुसला, तर तो वरूनही पुसला जातो. "इथला काढला, वरचा राहील" हा समज खोटा आहे. पुसलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, त्यानंतर गेला तो गेला. म्हणजे मोबाईल आणि क्लाउड या दोन कोठ्या दिसायला दोन असल्या तरी त्यांचे दार एकच आहे. खरी दुसरी प्रत म्हणजे जिला या दाराशी काही देणेघेणे नाही ती.

पुराने दिलेला धडा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. उभी पिके गेली, माती खरवडून गेली, जनावरे दगावली. अशा वेळी घरातल्या पेटीतली कागदपत्रे भिजतात आणि चार्जिंगला लावलेला फोनही पाण्यात जातो. ज्याचे फोटो क्लाउडवर चढलेले असतात आणि ज्याला पासवर्ड ठाऊक असतो, त्याला दुसऱ्या फोनवर ते पुन्हा पाहता येतात. ज्याने सगळे घरातच ठेवले त्याचे घराबरोबर जाते.

तेव्हा क्लाउड वाईट आणि पेनड्राइव्ह चांगला असे कोणी समजू नये. पूर आला तर घरातली प्रत जाते, खाते हातचे गेले तर क्लाउडवरची जाते. दोन्ही संकटे एकाच दिवशी येण्याचा संभव कमी. बियाण्यासाठी राखलेली ज्वारी आपले वाडवडील एकाच कणगीत ठेवत नसत. थोडी पेवात, थोडी माळ्यावर आणि अडीनडीला पावण्यांच्या घरी. फोटोंनाही तोच न्याय लावावा.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. आपण काढलेला फोटो म्हणजे पंचनामा नव्हे, आणि ई-पीक पाहणीही नव्हे. ती कामे त्या त्या रीतीनेच करावी लागतात. राज्यभर २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत फोटो त्या ॲपमधूनच काढायचा असतो. मात्र त्याच दिवशी साध्या कॅमेऱ्यानेही एक फोटो काढून ठेवावा, म्हणजे आपल्या हातात आपली नोंद राहते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "लोकेशन" चालू असेल तर फोटोच्या आत जागा आणि वेळ लिहिली जाते. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोच्या रूपात पाठवला की ही नोंद गळून पडते आणि फोटोचा दर्जाही घटतो. म्हणून व्हॉट्सॲपवरच्या फोटोला मूळ प्रत समजू नये. कोणाला मूळ फोटो पाठवायचाच असेल तर तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावा.

आधी खाते कोणाचे ते पाहा

काम सुरू करण्यापूर्वी गूगल फोटोज ॲप उघडून वर उजव्या कोपऱ्यातील गोल चिन्हावर बोट ठेवावे. तेथे ई-मेलचा पत्ता दिसतो. तो आपला आहे का, त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का, या तीन गोष्टी तपासाव्यात. फोन घेताना दुकानातच खाते उघडून दिले, पासवर्ड त्यानेच टाकला आणि नंतर कोणी विचारलाच नाही, असे गावोगाव घडलेले आहे. कोठे जोडलेला नंबर बंद पडलेल्या जुन्या सिमचा असतो. असा फोन हरवला तर खात्याचे कुलूप उघडणे फार अवघड होते.

फोन हातात आहे तोवरच नवा पासवर्ड घालून घ्यावा, चालू नंबर जोडावा आणि दोन्ही गोष्टी वहीत लिहून ती वही सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावी. घरातल्या आणखी एका माणसाला तिची जागा सांगून ठेवावी. पासवर्ड आणि ओटीपी दुकानदाराला किंवा फोनवर बोलणाऱ्या अनोळखी माणसाला सांगू नये. फोटो उतरवण्याच्या कामाला ओटीपी देण्याची गरज नाही.

लागणारे साहित्य

१) पेनड्राइव्ह: अलीकडे दोन तोंडांचा पेनड्राइव्ह मिळतो. एक तोंड मोबाईलच्या टाइप-सी खाचेत बसते, दुसरे संगणकाच्या. ६४ जीबीचा घेतला तर साधारण ४ एमबीचा एक फोटो धरून ढोबळमानाने बारा ते पंधरा हजार फोटो मावतात. व्हिडिओ मात्र फार जागा खातात. चांगल्या दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ शंभर ते दीडशे एमबीचा होतो.

२) ओटीजी जोड: घरात जुना साधा पेनड्राइव्ह असेल तर मोबाईलच्या खाचेला जुळणारा ओटीजी जोड लागतो. आपल्या फोनची खाच जुनी बारीक आहे की नवी टाइप-सी, हे दुकानात फोन दाखवूनच ठरवावे.

३) हार्ड डिस्क: फिरत्या तबकडीच्या मोठ्या हार्ड डिस्कला वीज जास्त लागते. काही फोन ती पुरवू शकत नाहीत. डिस्क टकटक करते आणि दिसतच नाही. अशा वेळी स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब लागतो. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये तबकडी नसते, त्यामुळे ती फोनवर सहसा चालते. साध्या घरगुती कामाला पेनड्राइव्ह पुरेसा आहे.

आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन "२ टीबीचा पेनड्राइव्ह" अगदी मातीमोल भावात दिसला तर घेऊ नये. अशा मालावर आकडा मोठा छापलेला असतो आणि आत जागा थोडी असते. फोटो भरताना सगळे ठीक दिसते; पुढे उघडायला जावे तर निम्मे फोटो उघडत नाहीत. पावती देणाऱ्या दुकानातून, नावाजलेल्या कंपनीचा आणि माफक क्षमतेचाच घ्यावा. बियाणे घेताना जी खबरदारी, तीच येथे.

प्रत्यक्ष कृती

साध्या फोनवर क्लाउडमधून थेट पेनड्राइव्हमध्ये पाणी नेणारा सरळ पाट नाही. आधी ते मोबाईलच्या हौदात घ्यावे लागते आणि तेथून पेनड्राइव्हमध्ये सोडावे लागते. हौद लहान असेल तर पाळ्या जास्त कराव्या लागतात, एवढेच.

पहिली पायरी, हौद रिकामा करणे: मोबाईलमध्ये किमान चार-पाच जीबी जागा मोकळी असावी. व्हॉट्सॲपवरचे फालतू व्हिडिओ काढले तरी बहुधा ती मिळते. घाईत कॅमेऱ्याचे फोटो काढू नयेत.

दुसरी पायरी, फोनमध्ये आधीच काय आहे ते ओळखणे: ॲपमध्ये दिसणारा प्रत्येक फोटो फोनमध्ये असतोच असे नाही. फोटो उघडून तीन ठिपक्यांवर बोट ठेवावे. "डाउनलोड" हा शब्द दिसला तर तो फोटो फक्त वर आहे. तो शब्द नसेल तर फोटो फोनमध्ये आधीच आहे, तो पुन्हा उतरवण्याची गरज नाही.

तिसरी पायरी, खाली उतरवणे: थोडे फोटो असतील तर ॲपमध्येच एकेक उघडून "डाउनलोड" करावे. पुष्कळ असतील तर क्रोम ब्राउझरमध्ये "फोटोज डॉट गूगल डॉट कॉम" हा पत्ता टाकून त्याच खात्याने आत जावे. एक फोटो दाबून धरला की निवडीची खूण येते. मग पुढचे फोटो निवडत जावे. निवड नीट जमत नसेल तर क्रोमच्या तीन ठिपक्यांमध्ये "डेस्कटॉप साइट" वर खूण करावी. निवड झाल्यावर "डाउनलोड" केले की सारे फोटो एका झिप फाइलमध्ये बांधून येतात. झिप म्हणजे तोंड शिवलेले पोते समजावे. एका वेळी शंभर-दोनशे फोटोच घ्यावेत. वाटेत नेटवर्क तुटले तर सगळी मेहनत वाया जात नाही.

चौथी पायरी, पोते उघडणे: "फाइल्स" ॲपमध्ये "डाउनलोड्स" या ठिकाणी झिप फाइल सापडते. तिच्यावर बोट ठेवून "एक्स्ट्रॅक्ट" करावे. पोते आणि त्यातला माल दोन्ही काही काळ फोनमध्ये राहतात, म्हणून दुप्पट जागा लागते. फोटो नीट निघाले की झिप फाइल पुसून टाकावी.

पाचवी पायरी, पेनड्राइव्ह जोडणे: पेनड्राइव्ह खोचला की पडद्याच्या वरच्या भागात सूचना येते. काही फोनमध्ये ओटीजीची सोय सेटिंगमध्ये जाऊन आधी चालू करावी लागते, आणि थोडा वेळ वापर झाला नाही की ती आपोआप बंदही होते. पेनड्राइव्ह दिसत नसेल तर आधी तेवढे पाहावे. फोनने "फॉरमॅट" करण्याविषयी विचारले तर थांबावे. फॉरमॅट म्हणजे आतले सर्व पुसणे. पेनड्राइव्ह अगदी नवा व रिकामा असेल तरच होकार द्यावा.

सहावी पायरी, नक्कल करणे: फाइल्स ॲपमध्ये पेनड्राइव्हवर फोल्डर तयार करावेत. नावे आपल्याला समजतील अशी द्यावीत: "२०२५ खरीप", "२०२५ रब्बी", "डाळिंब बाग", "घरचे", "कागदपत्रे". मग फोनमधील फोटो निवडून "कॉपी" करावेत. "मूव्ह" करू नये. मूव्ह करताना मध्येच पेनड्राइव्ह हलला किंवा फोनची बॅटरी संपली तर ना येथे ना तेथे अशी गत होण्याचा धोका असतो. फोनची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त असतानाच हे काम हाती घ्यावे, कारण पेनड्राइव्ह लावला की बहुतेक फोनला चार्जर लावता येत नाही.

सातवी पायरी, काढून घेणे: काम झाल्यावर वरच्या सूचनेतील "इजेक्ट" दाबून मगच पेनड्राइव्ह ओढावा. चालत्या यंत्राचा पट्टा ओढू नये, तसेच हे.

फोटो हजारोंनी असतील तर

पाच-सात वर्षांचे फोटो एकदम उतरवायचे असतील तर "टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम" ही सोय आहे. तेथे "सर्व निवड काढा" असे करून फक्त फोटो निवडावेत. हवी ती वर्षे किंवा अल्बम तेवढेच निवडता येतात. फाइलचा आकार २ जीबी ठेवावा. कंपनी सारे फोटो गठ्ठ्यांत बांधते आणि तयार झाल्यावर ई-मेलने दुवा पाठवते. त्याला काही तास, कधी काही दिवसही लागतात. हा दुवा साधारण सात दिवसच चालतो, म्हणून तो आल्यावर आळस करू नये. या गठ्ठ्यांत फोटोंबरोबर "जेसन" नावाच्या बारीक फाइलीही येतात. त्यांत तारीख व इतर नोंदी असतात. त्या कचरा समजून टाकू नयेत.

आता डेटाचा हिशेब. रोज दीड जीबी मिळणारे रिचार्ज असेल तर बारा जीबी फोटो उतरवायला आठ दिवस लागतील, तेही दुसरे काही न पाहता. २ जीबीचा एक गठ्ठा तर एका दिवसाच्या डेटात बसतही नाही. म्हणून रोजच्या डेटावर अवलंबून असणाऱ्यांनी टेकआउटच्या नादी न लागता महिन्या-महिन्याचे फोटो थोडे थोडे उतरवावेत. ज्यांच्याकडे किंवा ज्यांच्या नातेवाइकांकडे वायफाय आहे त्यांनी टेकआउट वापरावे.

आयफोन असेल तर

पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलांकडे आयफोन असतो. त्यांचे फोटो "आयक्लाउड" मध्ये साठतात आणि तेथे फुकट जागा ५ जीबीच आहे. २०१९ मध्ये आलेल्या आयओएस १३ पासून आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये बाहेरचा पेनड्राइव्ह उघडता येतो. फोटो निवडून "शेअर" आणि मग "सेव्ह टू फाइल्स" करून पेनड्राइव्ह निवडावा. २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी खाच आहे; त्याआधीच्या फोनला वेगळा जोड लागतो. "ऑप्टिमाइझ स्टोरेज" चालू असेल तर फोनमध्ये फोटोची लहान प्रत असते आणि मूळ वर असते, त्यामुळे हे काम करताना इंटरनेट चालू ठेवावे.

पडताळल्याशिवाय पुसू नका

या साऱ्या खटाटोपात नुकसान होते ते बहुधा शेवटच्या घाईने. नक्कल झाली असे दिसले की लगेच क्लाउडवरचे पुसायला घेऊ नये. आधी पेनड्राइव्ह काढावा, पुन्हा लावावा आणि फोल्डर उघडावा. फोटोंची संख्या मूळ संख्येशी ताडून पाहावी. पहिला, मधला आणि शेवटचा असे काही फोटो पूर्ण मोठे करून पाहावेत, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवावा. शक्य असेल तर दुसऱ्याच्या फोनवर लावूनही पाहावा. उगवण तपासल्याशिवाय आपण सोयाबीनचे घरचे बियाणे पेरत नाही. शंभर दाणे गोणपाटात ठेवून किती उगवले ते मोजतो. येथेही मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जागा केवळ फोनमध्ये हवी असेल तर गूगल फोटोजमधील "फ्री अप स्पेस" वापरावे. त्याने वर सुरक्षित चढलेल्या फोटोंचीच फोनमधली प्रत निघते, वरची राहते. साधे "डिलीट" केले तर दोन्हीकडचे जाते. या दोन शब्दांतला फरक घरातल्या मुलांनाही समजावून सांगावा.

जागा क्लाउडवरच हवी असेल, तर आधी मोठे व्हिडिओ पाहावेत. ते एका पेनड्राइव्हवर घेऊन भागत नाही. दोन पेनड्राइव्हवर घ्यावेत आणि मगच वरून काढावेत. एक पेनड्राइव्ह घरी, दुसरा लेकीच्या किंवा भावाच्या घरी, दुसऱ्या गावात. दुसऱ्याने आपल्याशी "शेअर" केलेल्या अल्बममधले फोटो मात्र आपले नसतात. त्याने पुसले की आपल्यालाही दिसत नाहीत. लग्नाकार्याचे असे फोटो आधी आपल्या खात्यात "सेव्ह" करून घ्यावेत.

जपणूक

पेनड्राइव्हला ओल, धूळ आणि उन्हाचा ताव सोसत नाही. लहान प्लॅस्टिकच्या डबीत, कापडात गुंडाळून ठेवावा आणि डबीवर तारीख लिहावी. कणगीत ठेवा असे मथळ्यात म्हटले असले तरी खरोखर धान्यात ठेवू नये. साठवणीच्या धान्याला ज्या धुरीच्या गोळ्या वापरतात, त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू तांब्याला खातो आणि अशा वस्तू निकामी करतो. खताच्या पोत्यांजवळ किंवा फवारणीच्या औषधांच्या कपाटातही ठेवू नये.

पेनड्राइव्ह हा कायमचा ठेवा नव्हे. वर्षानुवर्षे न लावता पडून राहिला तर त्यातली नोंद पुसट होऊ शकते. वर्षातून दोनदा तो लावून पाहावा आणि त्याच वेळी नवे फोटो चढवावेत. त्यासाठी दोन मुहूर्त सोयीचे आहेत. एक मृगापूर्वी, खरिपाच्या तयारीत. दुसरा दिवाळीच्या पाडव्याला, नव्या वहीच्या पूजेबरोबर. चार-पाच वर्षांनी नवा पेनड्राइव्ह घेऊन सारे त्यावर उतरवावे.

बचत गटांच्या भगिनींना एक सूचना आहे. गटाचे ठराव, हजेरीची पाने, बँकेच्या पासबुकाचे फोटो अध्यक्ष किंवा सचिव यांच्या एकट्याच्या फोनमध्ये असतात. फोन बदलला, पदाधिकारी बदलले की ते जातात. गटाच्या नावाने एक पेनड्राइव्ह ठेवून मासिक बैठकीत त्यावर नक्कल करण्याचा पायंडा पाडावा. दहा मिनिटांचे काम आहे.

मावशींनी विचारलेल्या प्रश्नामागे एक कारण होते. मालकांचा फोन तसाच ठेवलेला, त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, आणि नातवाला आजोबा दाखवायचे तर फोटो त्या फोनमध्येच. त्या फोनचे कुलूप मुलाला ठाऊक होते, म्हणून पासवर्ड बदलता आला आणि फोटो खाली आले. कुलूप विसरले असते तर मात्र दुसरा सोपा उपाय नव्हता. तेव्हा बंधू-भगिनींनो, पेनड्राइव्ह बाजाराच्या दिवशी आणा, फोटो सवडीने उतरवा. पण खात्याचा पत्ता आणि पासवर्ड आज रात्री दिवा मालवण्याआधी वहीत लिहून ठेवा.